मानीबाईचा फोटो

रुपालीची पाठदुखी थांबली ती पियुषमुळे. त्याआधी ती राळेगावहून निघाली की दोन लॅपटॉप पाठीवर आणि प्रकल्पाचा वेगळा फोन पर्समध्ये, असं सगळं लटांबर घेऊन एस.टी.त चढायची. कंडक्टर ओळखीचे, कारण तिचे वडील देवराव त्याच डेपोत मेकॅनिक. "वाघवाली आली, सरका जरा," म्हणत ते तिला खिडकीची जागा करून द्यायचे.

काम वाघांचंच होतं. झरी तालुक्यातल्या जंगलाच्या कडेकडेने एका संस्थेने कॅमेरे बांधले होते, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे. रुपालीने मुकुटबनला खोली घेतली होती. दर काही दिवसांनी कॅमेऱ्यातली कार्डं काढायची, फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, वाघ वेगळे काढायचे आणि कुठला वाघ कोणता ते पट्ट्यांवरून ठरवायचं. सोपं वाटतं ऐकायला. पण फोटो निवडून देणारा प्रोग्राम लिनक्सवर चालायचा. पट्टे जुळवणारा प्रोग्राम जुना, तो विंडोजशिवाय उघडायचाच नाही. आणि जंगलात दिसेल ते नोंदवायचं अ‍ॅप फक्त फोनवर.

पियुष फुलसावंगीचा, कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे, संस्थेच्या नागपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. दसऱ्याच्या सुमारास त्याने तिच्या हातात एक लॅपटॉप ठेवला. जेवायच्या ताटापेक्षा थोडा मोठा, वजनाला काहीच नाही, आत पंखासुद्धा नाही.

"ह्यात तिन्ही चालतीन," तो म्हणाला. "ह्याची सोताची शिस्टीम येगळीच आहे, तिच्यावर फोनचे अ‍ॅप चालतात. बाजूले लिनक्स बसवून देल्लं. अन् लिनक्सच्या पोटात विंडोज. पन जागा लय कमी आहे. काम झालं का फोटू उडवत जाय, नाही तर अडकून पडशीन."

"उडवीन."

"अन् एक ध्यानात ठेव. तिघांचे घरं वेगळे आहेत. विंडोजमंदी फोटू पाह्यजे असन तर कॉपी करून तिकडं न्यावा लागते. मंग इकडचा उडवला तरी तिकडचा तसाच राह्यते."

पहिल्या आठवड्यातच रुपालीला ते अंगवळणी पडलं. एकाच पडद्यावर ती तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडी ठेवायची आणि इकडून तिकडे जायची. अंगणात, जीपमध्ये, पोडाच्या पाराशी, कुठेही मांडी घालून बसता येऊ लागलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तिच्या कॅमेऱ्यांच्या वाटा तीन-चार पोडांच्या मधून जात होत्या.

कॅमेरा वाघाच्या मापाने बांधतात, म्हणजे माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यामुळे माणसांचे फोटो म्हणजे नुसते पाय. सायकलीचं चाक आणि पाय. सरपणाच्या मोळीची सावली आणि पाय. प्रोग्राम ते सगळे 'माणसं' नावाच्या फोल्डरात टाकायचा आणि रुपाली ते फोल्डर न उघडता पुसून टाकायची. संस्थेचा नियमच तसा होता. जंगलात जाणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो कोणाकडे राहू नयेत, म्हणून. सुरुवातीला, हे फोल्डर पुसायची सवय व्हायच्या आधी, तिने काही पाहिले होते. तेव्हा पोडावरची माणसं तिला चेहऱ्यांआधी पायांनी माहीत झाली.

मानीबाईचे पाय त्यातलेच. अंगठ्याला चिंधी बांधलेली, टाचा भेगाळलेल्या, आणि मागेपुढे सतत बकऱ्या.

ती प्रत्यक्ष भेटली दिवाळीच्या तोंडावर. रुपाली वनरक्षक लखनसोबत नाल्याकाठच्या वाटेवर कॅमेरा बांधत होती. मानीबाई बकऱ्या घेऊन आली आणि काठीवर हनुवटी टेकवून बघत उभी राहिली.

"बाई, ह्या डब्ब्यात काय दिसते तुमाले?"

"वाघ दिसते, मावशी."

"वाघ तं मले बिनाडब्ब्याचा दिसते." लखन हसला. मानीबाई नाही हसली. "अन् मी दिसतो का नाई?"

"पाय दिसतात तुमचे."

"पायाले पाहून काय करता मा?" ती म्हणाली, आणि आता मात्र हसली. पुढचा एक दात नव्हता. मग बकऱ्यांना काहीतरी कोलामीत ओरडत ती नाल्यात उतरली.

एवढीच ओळख.

तुरीला शेंगा धरल्या तेव्हाची गोष्ट. दुपारी लखनचा फोन आला. मानीबाईच्या बकऱ्या एकट्याच पोडावर परतल्या होत्या. तो रुपालीला घ्यायला मोटरसायकल घेऊन आला. नाल्याकाठी पोचले तोवर माणसं जमली होती आणि मानीबाई सापडली होती. कोणीतरी तिच्यावर पंचा टाकला होता. पंचा पुरेसा मोठा नव्हता.

रुपालीने ते पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे गेली, पट्टा सोडवला, झाकण उघडून कार्ड काढलं.

गावकरी रेंजर साहेबांभोवती ओरडत होते. त्या भागात पिल्लं घेऊन फिरणारी वाघीणच होती, तिनेच नेली, सगळे म्हणत होते. साहेब घामाघूम झाले होते. त्यांनी रुपालीला जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. "मॅडम, कोणता आहे तेवढं सांगा. लवकर. वाघीण निघाली तर पिल्लांचं काय करायचं तेही बघावं लागेल."

एरवी ती फोटो आधी निवडून घ्यायची. आज तेवढा वेळ नव्हता. तिने अख्खं कार्ड जसंच्या तसं विंडोजच्या घरात ओतलं आणि शेवटच्या फोटोंकडे गेली. सकाळचे पाय होते. बकऱ्या होत्या. मग रिकामी वाट. मग वाघ, उजव्या कुशीने, लख्ख उन्हात. तिने कुशीवरचा चौकोन आखला, बटण दाबलं. जुना प्रोग्राम कण्हत कण्हत चालला. बाहेर कोणीतरी बाई हेल काढून रडत होती. ती मानीबाईची मुलगी गंगी, हे रुपालीला नंतर कळलं. पडद्यावर दोन कुशी शेजारी शेजारी आल्या. मागच्या उन्हाळ्यात नोंदलेला तरुण नर. वाघीण नव्हती.

"पक्कं?" साहेबांनी विचारलं.

"पक्कं, सर."

"तुम्ही फारच खंबीर आहात," ते म्हणाले. रुपालीने मान हलवली.

मग फोनचं अ‍ॅप. त्याच पडद्यावर, दुसऱ्या खिडकीत. घटनेचा प्रकार निवडा. गुरे, पीक, जखमी, मृत्यू. तिने निवडला. जागा नकाशावरून आपोआप आली. फोटो जोडल्याशिवाय ते पुढे जाईना, म्हणून कार्डावरूनच वाघाचा जोडला. हिरवी खूण आली आणि खाली अक्षरं उमटली: धन्यवाद, आपली नोंद झाली आहे. तिने लॅपटॉप मिटला.

त्यानंतरच्या दिवसांत सांगण्यासारखं काही नाही. रुपाली उठायची, अंघोळ करायची, कामाला जायची. पंचनाम्याला लागणारे फोटो तिने वनविभागाला दिले. तेच कार्ड मग लिनक्सवर नीट निवडून घेतलं, हरणं हरणांत, माकडं माकडांत, माणसं माणसांत. निवडून होत नाही तोच जागा भरल्याचा इशारा आला. तिने नेहमीसारखं 'माणसं' पुसून टाकलं. उघडून पाहिलं नाही. कार्डही पुसून परत कॅमेऱ्यात घातलं. हे करताना तिला काही वाटलं नाही, आणि वाटत नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी आईचा, सत्यशीलाबाईंचा फोन यायचा.

"जेवली काय?"

"हो."

"काय केलं होतं?"

रुपालीला आठवेना. ओट्याकडे पाहिलं तर कुकर धुतलेला होता. म्हणजे भात असावा. "भात," ती म्हणाली.

"तुहा आवाज काहून असा येऊन राह्यला? बरं नाही काय? चार दिवस घरी ये. तुहे बाबा आणाले येतीन."

"काम आहे आई."

"ते मेलं काम," आई म्हणाली.

वाघ पकडला गेला. त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं आणि गाडीने कुठे तरी नेलं. लखन धावत सांगायला आला, "सापडला, मॅडम!" त्याचा चेहरा फुलला होता आणि डोळे पाणावले होते. "बरं झालं," रुपाली म्हणाली. तिने अ‍ॅप उघडून तेही नोंदवलं. लखन दारात थोडा वेळ थांबला, मग गेला.

आणि मग एका सकाळी नागोराव आला.

मानीबाईचा नवरा. उंच, वाळका माणूस, धुतलेला सदरा घातलेला. काळी-पिवळी जीपमधून उतरून विचारत विचारत तिच्या खोलीपर्यंत आला होता. रुपालीने खुर्ची दिली, तो उंबऱ्याजवळ खालीच बसला. पिशवीतून त्याने आधार कार्ड काढलं. त्यावर मानीबाईचा चेहरा म्हणजे काळा डाग होता, कानाजवळ थोडं उजळ.

"फोटूवाला म्हनते, ह्याचा मोठा होत नाई," तो म्हणाला. "दुसरा कोनताच फोटू नाई. लग्नात काढला नाई, पोरीच्या लग्नात बाई सयपाकात होती. गंगी म्हनते, बाबा, त्या वाघवाल्या बाईच्या डब्ब्यात माय रोज दिसत होती."

रुपालीने हातातला कप खाली ठेवला. "काका, माणसांचे फोटो आम्ही ठेवत नाही. नियम आहे तसा. उडवून टाकतो."

"सारे?"

"सारे."

तो रागावला नाही. आधार कार्ड त्याने परत पिशवीत ठेवलं, पिशवीची गुंडाळी केली. "बरं," म्हणाला. रुपालीने पाणी दिलं, ते तो सावकाश प्याला. बाहेर कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. तो उठला आणि चपला शोधू लागला, तेव्हा कुठे तिला ते आठवलं. जीपमध्ये घाईत ओतलेलं अख्खं कार्ड. तिकडचं तिने कधी उडवलंच नव्हतं.

"काका, थांबा जरा."

तिने लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि विंडोज चालू केलं. ते उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. नागोराव तिच्या शेजारी उकिडवा बसला. या घरातले फोटो निवडलेले नव्हते, सगळे एकात एक होते. हलणारं गवत. मोर. पुन्हा गवत. नीलगायीचं पोट. मग बकऱ्या.

"आमची," नागोराव म्हणाला. "ही बांडी. हिनं दोन पिलं दिले आता."

आणि पाय. त्याने पडद्याकडे बोट नेलं. बोट पडद्याला लागलं नाही, थोडं अलीकडेच थांबलं. "तिचेच," तो म्हणाला. पुढे पुन्हा तेच पाय, दुसऱ्या दिवशीचे. पुन्हा, तिसऱ्या दिवशीचे. रुपाली बटण दाबत गेली. तिला वाटलं होतं की सगळे असेच निघतील, आणि त्या अंगठ्याच्या चिंधीचा मोठा फोटो काही करता येणार नाही.

मग एकदम चेहरा आला.

कॅमेरा एका झटक्यात तीन फोटो घेतो. पहिल्यात मानीबाई वाकताना दिसत होती, पदर खांद्यावरून घसरलेला. दुसऱ्यात अख्खा चेहरा, स्पष्ट, सकाळच्या उन्हात, केस विस्कटलेले, डोळे बारीक करून ती थेट आत पाहत होती आणि तोंड उघडं होतं. पडलेला दात दिसत होता. तिसऱ्यात पुन्हा पाय.

नागोरावने दुसरा फोटो पुन्हा लावायला सांगितला.

"बोलून राह्यली," तो म्हणाला.

"हो."

"काय बोलली असन?"

"आवाज येत नाही ह्यात, काका."

"हां." त्याने मान हलवली. "बोलेच ती. बकऱ्यासंग बी बोले. भांड्यासंग बी." मग त्याने विचारलं, "समोर हायेत का अजून?"

रुपालीला पुढे काय आहे ते माहीत होतं. शेवटची सकाळ होती, आणि तिच्यानंतर वाघ. खोटं बोलायला हवं होतं कदाचित. तेवढंही तिला सुचलं नाही. "आहेत," ती म्हणाली.

तो पडद्याकडे पाहत राहिला. "नको," म्हणाला. "हाच बरा हाय."

फोटो फोटोवाल्याला पाठवायचा तर व्हॉट्सअ‍ॅप हवं, आणि ते होतं फोनच्या घरात. विंडोजमधून लिनक्समध्ये आणि तिथून बाहेर, असा तो न्यावा लागणार होता. मधला रस्ता उघडेना. रुपालीने पियुषला फोन लावला. त्याने एकेक पायरी सांगितली, तिने तसं तसं केलं.

"कायची फाईल आहे?"

"फोटो."

"वाघाचा?"

"नाही."

पियुषने पुढे विचारलं नाही. "आला काय इकडं?"

"आला."

रुपाली आणि नागोराव बसस्टँडजवळच्या स्टुडिओत गेले. फोटोवाला पोरगेलासा होता, कानात बाळी घातलेला. त्याने चेहरा मोठा केला आणि समाधानाने मान डोलावली. "भारी क्वालिटी आहे. मागं हे झाडीच ठेवू, का दुसरं टाकू?"

झाडी छान होती. उन्हात पिवळी पडलेली, एका बाजूला बकरीचा कान. रुपाली तीच ठेवायला सांगणार होती.

"जंगल नको," नागोराव म्हणाला. "जंगलातच तं गेली ना ते."

"निळं टाकतो मग. फुलं टाकू खाली?"

"टाक."

"दात बसवून देऊ?"

नागोरावने जरा विचार केला. "दात राहू दे तसाच."

दुपारपर्यंत फ्रेम होऊन जाईल, असं फोटोवाला म्हणाला. रुपालीला कार्डं काढायला जायचं होतं, ती निघाली. खोलीवर येऊन आधी तिने विंडोजमधलं ते अख्खं कार्ड पुसून टाकलं. बकऱ्या, मोर, पाय, चेहरा, शेवटची सकाळ. नियम होता म्हणून पुसलं, की पुन्हा कधी ते उघडावं लागू नये म्हणून, हे तिने स्वतःला विचारलं नाही. लॅपटॉपवर भरपूर जागा झाली.

पुढच्या आठवड्यात ती आणि लखन मोटरसायकलने त्या पोडावरून चालले होते. गंगीने हाक मारून चहाला बोलावलं. आई गेल्यापासून ती बापाजवळच राहिली होती. घरात समोरच्या भिंतीवर फ्रेम होती, हार घातलेला, खाली उदबत्ती. निळ्या आभाळात गुलाबी फुलांच्या वर एक बाई होती. दात नव्हता, म्हणून ती मानीबाई. बाकी गाल गुळगुळीत होते, केस चापूनचोपून बसवलेले, आणि रंग दुधासारखा गोरा.

रुपाली कप हातात धरून बघत उभी राहिली.

"माय इतकी गोरी नव्हती," गंगी मागून म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती.

"असू दे ना," नागोराव अंगणातून म्हणाला. "चांगली दिसते."

परत निघाल्यावर मोटरसायकल नाल्याच्या उतारापर्यंत गेली असेल. रुपालीच्या कानशिलात काहीतरी तडतडायला लागलं. आधी तिला कळेचना काय होतंय. मग कळलं की आपल्याला राग आलाय, त्या बाळीवाल्या पोराचा, इतका की त्याच्या दुकानात जाऊन काच फोडावीशी वाटत होती. इतक्या दिवसांत तिला काही वाटलं ते हे पहिलंच.

"थांबव," ती लखनला म्हणाली. एका टेकाडावर चढल्यावर रेंज आली, तसा तिने फोटोवाल्याला फोन लावला. "त्या मावशीचा ओरिजिनल फोटो आहे ना तुझ्याजवळ? पुसला तर नाही ना?"

"आहे ना, मॅडम. काहून?"

"तिला गोरी कोणी करायला सांगितली होती?"

"कोणी सांगतलं नाही. सारेच करून मागतात, म्हून मी आधीच करून देतो."

"तू विचारलंस त्यांना?" तिचा आवाज चढला. "विचारलंस? दाताचं विचारलंस ना, मग ह्याचं काहून नाही विचारलं? तिचा होता तो रंग पाहिजे मला. होता तसा. केसही तसेच. दुसरा काढ."

ती बोलतच राहिली. लखन दुसरीकडे पाहत उभा होता. बोलणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्याहीनं म्हटलं काय, बदलून पाह्यजे म्हणून?"

नव्हतं म्हटलं कोणी.

मग दोघं परत पोडावर गेले. गंगी सुपात तूर पाखडत होती. रुपालीने विचारलं. गंगीने सूप खाली ठेवलं, एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा अंगणात बसलेल्या बापाकडे.

"आना," ती म्हणाली. "पन हा बी राहू द्या. बाबाले हा आवडते."

पंधरा दिवसांनी दुसरी फ्रेम आली. तिची खिळ्याची जागा रुपालीनेच शोधली, लखनने खिळा ठोकला. पहिलीच्या शेजारी, थोडी खाली, कारण वर भिंत पोपडे सुटलेली होती. नागोरावने लांबून दोन्हींकडे पाहिलं आणि विचारलं, हार एकच आहे, तो कोणत्या फोटोला घालायचा.